नगरपरिषदेसमोरच्या झेरॉक्सवालीचं खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय नगरसेवक-नगरसेविका

स. न. वि. वि.

तुमच्या इमारतीच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडला की पत्र्याच्या पडवीतलं जे झेरॉक्सचं दुकान लागतं, ते माझं. चौदा वर्षं झाली त्याला. निवडणुकीच्या वेळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी थकबाकी नसल्याच्या आणि शौचालयाच्या दाखल्याच्या प्रती माझ्याकडूनच काढून नेल्या. कुणाकुणाचे सुट्टे पैसे राहिलेत, ते इथे काढत नाही.

हे पत्र बंद पाकिटातून आवक-जावकला देता आलं असतं. तसं आधी दोनदा दिलं. दोन्ही पोचपावत्या गल्ल्यात जपून ठेवल्यात, उत्तर एकाचंही नाही. म्हणून या वेळी उघडंच लिहिते.

तक्रार एका ओळीत सांगायची तर अशी: आमच्या गावात काय ठरलं, ते आम्हाला झाल्यावर कळतं. कधी तेही कळत नाही.

दुकानात दिवसभर माणसं येतात. झेरॉक्स एक काढतात आणि प्रश्न तीन विचारतात. आज पाणी सुटणार का? घरपट्टीत सूट कुठल्या तारखेपर्यंत? आमच्या गल्लीतलं गटार मंजूर झालं म्हणे, खरं का? समोर तीन मजली इमारत आहे, तिच्यात तुम्ही सगळे आहात, आणि गाव चौकशीला माझ्या पडवीत येतं. मला यात मोठेपणा वाटत नाही. मलाही काही माहीत नसतं.

आधी तुमच्या सूचना फलकाबद्दल, कारण तो माझ्या खुर्चीतून सरळ समोर दिसतो. काचेच्या दारांचं लाकडी कपाट आहे, त्याला छोटं कुलूप आहे. किल्ली कुणाकडे आहे, हे तुमच्या दोन शिपायांना आणि एका बाबूला विचारून झालं, तिघांनी तीन नावं सांगितली. आत चार कागद आहेत. एक मोकाट जनावरांबद्दल, त्यावरची तारीख उन्हानं उडून गेली आहे. एक कसलातरी तक्ता आहे, टाचणी गंजून त्याच्या मधोमध तपकिरी डाग पडलाय. उजव्या कोपऱ्यात पालीची दोन अंडी आहेत. मागच्या पावसाळ्यापासून त्या कपाटात नवीन म्हणावं असं तेवढंच आलंय.

आता मुद्द्यावर येते. मुद्दे मोजून मांडते, पण सगळे सारख्या वजनाचे नाहीत.

पहिला मुद्दा बाजाराचा, आणि हे पत्र खरं तर त्याच्यामुळेच लिहायला बसले. आपला आठवडे बाजार वेशीपासून देवळापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना भरायचा. प्रशासकांच्या काळात तो नदीपलीकडच्या मैदानात हलवायचं ठरलं. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. बाजाराच्या दिवशी त्या रस्त्यानं रुग्णवाहिका जाऊ शकत नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तो निर्णय बाजारात बसणाऱ्यांना कुणी सांगितला? मंगळवारी पहाटेच्या एसटीनं खेड्यांतल्या बाया गाठोडी घेऊन उतरल्या, नेहमीच्या जागी पोती अंथरायला लागल्या, तर तुमची माणसं आणि दोन पोलीस उभे. उठा, इथे बसायचं नाही. कुठे बसायचं, तर पलीकडे. पलीकडे म्हणजे दीड किलोमीटर, डोक्यावर ओझं घेऊन. मैदानात चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या, पण कुठली रेघ कुणाची हे सांगायला माणूस नव्हता. गावातल्या गिऱ्हाइकांनाही पत्ता नव्हता, ती जुन्या जागी येऊन परत गेली. एक आजीबाई माझ्या पायरीवर बसल्या. समोर मेथीच्या साठेक जुड्या. त्या जुड्यांवर सारखं पाणी मारत होत्या, माझ्याच बाटलीतलं. अकरापर्यंत मेथीनं मान टाकली. दोन-दोन रुपयांना देऊन त्या परतीच्या गाडीला गेल्या.

आता जे सांगते ते सांगायला बरं वाटत नाही. बाजार हलवण्याच्या त्या ठरावाच्या प्रती तीन आठवडे आधी माझ्याच मशीनवर निघाल्या होत्या. तुमचं मशीन बंद पडलं की कागद माझ्याकडे येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. सभेची विषयपत्रिकासुद्धा येते. आम्ही धंदेवाल्यांनी दुसऱ्याचे कागद वाचायचे नसतात, पण खोटं कशाला बोलू, कागद काचेवर पालथा घालताना डोळा जातोच. मी वाचलं होतं. आणि सही-शिक्क्याचा कागद चव्हाट्यावर न्यायचा मला अधिकार नाही म्हणून तीन आठवडे गप्प बसले. आजीबाईंना मी चहा पाजला, पण मला आधीच माहीत होतं हे काही त्यांना सांगू शकले नाही. त्या कागदात गुपित काय होतं? बाजार कुठे भरणार हे ज्यांना बाजारात बसायचंय त्यांच्यापासूनच लपवण्यासारखं काय असतं?

दुसरा मुद्दा घरपट्टीचा. चार वर्षांनी फेरआकारणी होते, ते कायद्यात आहे, त्याबद्दल रडगाणं नाही. याद्या प्रसिद्ध करायच्या, हरकती मागवायच्या, ज्याची आकारणी वाढली त्याला वेगळी नोटीस द्यायची, हेही कायद्यातच आहे. आमच्या गल्लीतल्या नोटिसा तुमच्या माणसानं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गठ्ठ्यानं ठेवल्या. येतील ते नेतील म्हणून. दुकानदारानं गठ्ठा शेंगदाण्याच्या डब्यामागे ठेवला आणि विसरला. आमची नोटीस सासऱ्यांच्या हातात पडली तेव्हा हरकतीची मुदत संपून नऊ दिवस झाले होते. घरामागची पडवी त्यात पक्की खोली म्हणून लागली आहे. पडवीत शेळ्या बांधतात. सासरे ब्याऐंशी वर्षांचे, नोटीस घेऊन तुमच्या कर विभागात गेले, तर त्यांना सांगण्यात आलं, “आजोबा, जाहीर नोटीस पेपरात दिली होती.”

कुठल्या पेपरात? मी शोधलं. त्याचं नाव इथे घेत नाही. बस स्टँडवर चाळीस वर्षं पेपर विकणाऱ्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “नाव ऐकलंय, अंक पाहिला नाही कधी.” गावात ज्याची एक प्रत येत नाही त्या पेपरात गावासाठी नोटीस छापायची, कात्रण फायलीला लावायचं, की झालं. नियम पाळला गेला. हे एका घरपट्टीपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. उद्या विकास आराखडा प्रसिद्ध होईल, कुणाच्या घरावर रस्त्याची रेघ येईल, कुणाच्या शेतावर बगीच्याचं आरक्षण पडेल. त्यालाही हरकतीची मुदत महिन्याभराचीच असते. ती याच पद्धतीनं जाणार का?

तिसरा मुद्दा पाण्याचा. यावर फार लिहीत नाही, तुमच्याही घरी नळ आहेत. पाणी तीन दिवसांआड येतं, याची सवय झाली. पण जलवाहिनीच्या जोडणीसाठी ते आणखी दोन दिवस बंद राहणार असेल, तर ते आदल्या दिवशी सांगायला काय जातं? मागच्या महिन्यात आमच्या शेजारी तेराव्याचं जेवण होतं, दीडशे माणसांचं. सकाळी नळाला फुस्स. पाणी सोडणारा भाऊ भेटला तेव्हा कळलं की काम आठवडाभरापासून ठरलेलं होतं.

मग गावाला बातमी कुठून मिळते? मोबाइलवरून. कुणीतरी फिरवतं, ‘उद्या संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा बंद’. कुठलं शहर, कुठली उद्या, काही नाही. दोन महिन्यांपूर्वी असाच एक निरोप फिरला, सगळ्यांनी पिंपं भरली, टाक्या भरल्या, वरच्या आळीत दाब पडला आणि तिथे खरंच पाणी आलं नाही. निरोप भलत्याच गावचा, तोही जुना होता. तुम्ही तेव्हा म्हणालात, लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. बरोबर. पण खरं सांगणारं कुणी नसलं की लोक मिळेल ते धरून बसतात.

पूर्वी तालुक्याचं एक साप्ताहिक होतं. चार पानं, शाई हाताला लागायची, वाढदिवसाच्या जाहिराती भरपूर. पण दुसऱ्या पानावर सभेचा वृत्तांत असायचा, कोण काय बोललं यासकट. लॉकडाऊनमध्ये ते बंद पडलं ते पडलंच. मोठ्या दैनिकांच्या जिल्हा पानावर आपल्या गावाला खून पडला किंवा मंत्री आला तरच जागा मिळते. दर ६ जानेवारीला तुम्ही पत्रकार दिन करता, १८३२ साली ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालता, गावातल्या वार्ताहरांना शाल-श्रीफळ देता. त्यातलेच एक वार्ताहर माझ्याकडे येतात आणि विचारतात, ताई, सभेची विषयपत्रिका आली का हो झेरॉक्सला?

चौथा मुद्दा माहिती अधिकाराचा. या कायद्यावर माझा धंदा चालतो, हे आधीच कबूल करते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, अर्ज मी लिहून देते, तीस दिवस वाट पाहायची. पण २००५ च्या या कायद्याचं कलम ४ कधी वाचलंत का? त्यात सतरा बाबी दिल्यात, ज्या कुणी अर्ज न करता कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायच्या. कायदा झाल्यापासून १२० दिवसांच्या आत. वीस वर्षं उलटली. त्याच कलमात असंही आहे की लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी वस्तुस्थिती प्रसिद्ध करायची, आणि लोकांना अर्ज करायची वेळ कमीत कमी यावी. माहिती पोहोचवायची कशी, तेही लिहिलंय: सूचना फलक, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमं, इंटरनेट. जाहीर घोषणा म्हणजे आपली दवंडीच की. दिल्लीत कायदा करणाऱ्यांना दवंडी सुचली, आणि आपल्याकडे जुन्या वेशीत ज्या कट्ट्यावरून ती दिली जायची तिथे आता वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात.

मी स्वतः एक अर्ज केला होता. मागच्या एका वर्षातल्या सभांची इतिवृत्तं मागितली. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. संकेतस्थळ उघडलं. पहिल्याच पानावर मागच्याच्या मागच्या नगराध्यक्षांचा फोटो हसतोय, आणि इतिवृत्तावर बोट ठेवलं की ‘लवकरच उपलब्ध होईल’ असं येतं. २०१८ च्या नोव्हेंबरात शासनानं परिपत्रक काढून दर सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांना दफ्तर पाहायला द्या असं सांगितलं होतं. मी एका सोमवारी तीन वाजता तुमच्याकडे गेले. मला विचारण्यात आलं, कसलं दफ्तर?

पाचवा मुद्दा थोडा लांबचा वाटेल, पण मला तो सगळ्यांत खोल वाटतो. माझं माहेर दोन हजार वस्तीचं गाव आहे. तिथे वर्षाला चार ग्रामसभा होतात. होतात म्हणजे काही कागदावरही होतात, मी भाबडी नाही. पण माझा भाऊ ग्रामसभेत उभा राहून सरपंचांना विचारू शकतो की वित्त आयोगाचे पैसे कशावर खर्च केले. सरपंच चिडतात, पण उत्तर द्यावं लागतं. मोठ्या शहरांचं म्हणाल तर पंचायतींसाठीच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीच्या पाठोपाठ शहरांसाठीची चौऱ्याहत्तरावी आली, १ जून १९९३ पासून ती लागू झाली, आणि तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांना तिनं प्रभाग समित्यांची सक्ती केली. आमची तीस-पस्तीस हजारांची ‘क’ वर्ग नगरपरिषद. ग्रामसभा आम्हाला नाही, कारण आम्ही गाव नाही. प्रभाग समितीची सक्ती नाही, कारण आम्ही शहर म्हणण्याएवढे मोठे नाही. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी शहरात दिली. प्रश्न विचारायची जागा मात्र माहेरीच राहिली.

त्यात मधली चार वर्षं निवडणूकच नव्हती. मुख्याधिकारी तेच प्रशासक. विषय मांडणारे तेच, सूचक तेच, अनुमोदक तेच, मंजूर करणारेही तेच. त्या काळात जी सवय लागली तिच्याबद्दल तुम्हा नव्या मंडळींना मी दोष देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये सांगितल्यावर अखेर डिसेंबरात राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यातली आपली एक. प्रचारात प्रत्येकाच्या पत्रकावर ‘पारदर्शक कारभार’ होतं. मोजले आहेत मी, पत्रकं माझ्यासमोरूनच वाटत जायचे.

पण निवडून आल्यावर काय बदललं? पहिल्या सभेला मी पाहुण्यासारखी मागे येऊन बसले. सभा लोकांना खुली असते. शिपायानं विचारलं, “ताई, कुणाचे कागद आणलेत?” मी म्हटलं, ऐकायला आलेय. त्यानं खुर्ची दिली, त्याचे आभार. त्या दिवशी विषयपत्रिकेवर अकरा विषय होते. बारावा होता, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. अकरा विषयांना पाऊण तास लागला. ऐनवेळचे विषय किती होते ते मला समजलं नाही, कारण ते वाचून दाखवले गेले नाहीत. मंजूर, मंजूर असं सात-आठ वेळा ऐकू आलं. ऐनवेळी यावं असं काहीतरी निघतं, हे मान्य. पूर आला, पंप जळाला. दुकानगाळ्यांची भाडेवाढ कधीपासून ऐनवेळची झाली? भाडेवाढ त्याच सभेत झाली, हे मला पुढच्या महिन्याच्या पावतीवरून कळलं, कारण शेजारचा गाळा नगरपरिषदेचा आहे.

मागण्या साध्या आहेत. यातल्या एकीलाही शासनाच्या मंजुरीची किंवा वेगळ्या निधीची गरज नाही.

१. सभेची विषयपत्रिका नगरसेवकांना जाते त्याच दिवशी फलकावर लावा. फलक कुलपाबाहेर, रस्त्याच्या बाजूला आणा. प्रत मी फुकट काढून देईन.

२. सभा झाल्यापासून आठ दिवसांत काय ठरलं ते एका पानावर, साध्या मराठीत लावा. ‘सदरहू विषयाबाबत साधकबाधक चर्चा होऊन’ असलं नको. काय, कुठे, किती रुपयांचं, कधीपासून, एवढंच. ऐनवेळच्या विषयांसकट.

३. पाणी, वीज, रस्ता, बाजार यांत बदल असेल तर आदल्या दिवशी घंटागाडीवरून सांगा. घंटागाडी रोज प्रत्येक दारासमोर थांबते, तिच्यावर भोंगा आहे, ओला कचरा-सुका कचऱ्याचं गाणं आम्हाला पाठ झालंय. गाण्याआधी अर्धा मिनिट आमच्या कामाचं बोला. मोबाइल नसलेल्या म्हातारीलाही ते ऐकू येईल. बाजाराचं असेल तर आधीच्या दोन बाजारांत तिथेच पुकारा, कारण खेड्यांत आपली घंटागाडी जात नाही.

४. हरकतींची नोटीस ज्या दिवशी पेपरात, त्याच दिवशी फलकावर, बस स्टँडवर, तलाठी कार्यालयात आणि प्रत्येक प्रभागातल्या शाळेच्या फाटकावर लावा. गावात खपणाऱ्या पेपरात द्या. घरपट्टीची नोटीस सही घेऊन घरात द्या, किराणा दुकानात नाही. आणि आमच्या गल्लीतल्या ज्या घरांना मुदतीनंतर नोटीस मिळाली त्यांच्या हरकती ऐकून घ्या.

५. दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्रभागात, समाजमंदिरात नाहीतर शाळेत, दोन्ही नगरसेवकांनी दोन तास बसावं. सक्ती नाही, हे माहीत आहे. मनाईही नाही.

६. इतिवृत्तं आणि कामांचे तपशील संकेतस्थळावर टाका, आणि त्यासाठी एका कर्मचाऱ्याचं नाव लावा. ‘संबंधित विभाग’ नावाचा माणूस मला चौदा वर्षांत भेटलेला नाही.

हे सगळं झालं तर माझ्याकडचे माहितीचे अर्ज कमी होतील, महिन्याला हजार-बाराशेचं नुकसान आहे. तेवढं सोसेन. नाहीतरी त्यातले निम्मे अर्ज मी पैसे न घेताच लिहिते.

शेवटची विनंती. हे पत्र पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर क्रमांक घालून घ्या. ऐनवेळच्या विषयांत नको. घेतलंत की नाही ते मला विचारावं लागणार नाही. तुमचं मशीन अजून बंद आहे, प्रती काढायला माझ्याकडेच येतील.

कळावे,
आपली,
समोरची झेरॉक्सवाली